एकाच रात्रीच्या चाळीस नकला

चित्रांचा तास : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत: प्राथमिक शाळेतल्या मुलांकडून मोठ्या चित्रकारांवरून करून घेतलेली चित्रं. शिक्षकांनी लिहिलंय, आईवडिलांनी लिहिलंय, चौथीतल्या एका मुलानेही लिहिलंय. लहान वर्गांना चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण इतर काही पत्रांची उत्तरंही त्यातच येतात.

प्रश्न : ताई, मी तिसरीला शिकवते. गेल्या महिन्यात वर्गाला व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ दाखवलं आणि फळ्यावर एकेक पायरी काढून दाखवत मुलांकडून करून घेतलं. आधी डोंगर, मग झाड, मग चंद्र, मग आकाशातले भोवरे. चाळीस मुलांची चाळीस चित्रं भिंतीवर लागली. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. मला मात्र राहून राहून वाटतंय की ही चित्रं मुलांची नाहीतच. मग चित्रकार दाखवूच नयेत का? – एक शिक्षिका

उत्तर : चित्रकार जरूर दाखवा. पहिलीपासून दाखवा. पण तुम्हाला जे खटकलं ते योग्यच खटकलं. त्या चाळीस चित्रांत झाड कुठे यावं, चंद्र केवढा असावा, भोवरे किती, निळा कोणता, हे सगळं तुम्ही ठरवलंत. मुलांच्या वाट्याला फक्त हाताचं काम आलं. चित्र काढताना जो विचार करायचा असतो, जी निवड करायची असते, ती त्यांच्याकडे आलीच नाही.

व्हॅन गॉगने स्वतः ते चित्र कसं केलं ते आधी पाहू. १८८९चा जून महिना. दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमी इथल्या मनोरुग्णालयात तो आपणहून दाखल झाला होता. झोपण्याच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती आणि उजाडण्याआधीचं आकाश त्याला तिथून दिसायचं. रंगवायची खोली मात्र वेगळी, खालच्या मजल्यावर. म्हणजे आकाश पाहिलं एका खोलीत आणि रंगवलं दुसऱ्या खोलीत. चित्रात खाली जे गाव आहे ते त्या खिडकीतून दिसतच नव्हतं. त्या गावातल्या चर्चचा उंच, निमुळता मनोरा तर त्याच्या मायदेशातल्या, नेदरलँड्समधल्या चर्चसारखा आहे. काही पाहिलेलं, काही आठवलेलं, काही मनाने घातलेलं, अशी ती रात्र आहे. आपण मुलांना नेमकं हे करू देत नाही. आपण त्यांना झालेलं चित्र देतो आणि म्हणतो, हेच पुन्हा काढा.

मी काय करत असे ते सांगते. पहिला तास फक्त पाहण्याचा. चित्राची मोठी छापील प्रत लावायची आणि कुणाच्याही हातात पेन्सिल द्यायची नाही. मूळ चित्र साधारण ७४ सेंटीमीटर उंच आणि ९२ सेंटीमीटर रुंद आहे, तेवढा चौकोन फळ्यावर खडूने आखायचा, म्हणजे चित्र खरं केवढं आहे ते कळतं. मग विचारायचं, ब्रश कुठून कुठे गेला असेल ते बोटाने हवेत काढून दाखवा. मुलं उठून उभी राहतात. आकाशात हात गोल फिरतो, सायप्रसच्या गडद झाडावरून खालून वर सरसरत जातो, डोंगरावर लाटेसारखा हलतो. घरांपाशी येऊन थांबतो, कारण घरं सरळ रेषांची आहेत, गप्प उभी आहेत. हे मी सांगायचं नाही, मुलांनीच शोधायचं. सात-आठ वर्षांच्या मुलांना ते अगदी सहज सापडतं.

मग चित्र उतरवायचं, गुंडाळायचं आणि कपाटात ठेवायचं. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. समोर चित्र असेपर्यंत मूल त्याच्याशी स्वतःची तुलना करत राहतं. ते दिसेनासं झालं की उरते फक्त हातात भरलेली ती फिरणारी रेषा.

दुसऱ्या तासाला एकच प्रश्न: तुम्ही पाहिलेलं काय काय फिरतं, वळतं, वाहतं? ते काढा, आणि तशाच रेषांनी काढा. एका मुलाने मोरीच्या जाळीतून गोल फिरत जाणारं पाणी काढलं. एका मुलीने आईचे नुकतेच धुतलेले केस काढले, कागदभर, चेहरा कुठेच नाही. एकीने शिंक काढली. एका ठिपक्यापासून चहूकडे उडालेल्या आखूड पिवळ्या-हिरव्या रेषा, आणि कोपऱ्यात घाबरून मागे सरकलेलं मांजर. व्हॅन गॉगच्या ब्रशचं इतकं नेमकं आकलन मी मोठ्या माणसांत फार क्वचित पाहिलंय.

साधनांचंही थोडं सांगते. तैलखडू दिला की मुलं घासून जागा भरायला लागतात. तेव्हा नियम एकच ठेवायचा: भरायचं नाही, रेषा मारायच्या, आणि प्रत्येक रेष सुटी दिसली पाहिजे. छापील प्रत गुळगुळीत असते, त्यामुळे मूळ चित्रातला रंग किती जाड आहे ते मुलांना कळतच नाही. ते कळावं म्हणून पोस्टर रंगात घट्ट खळ मिसळा, जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला कात्रीने दात पाडा आणि कागदावर थापलेल्या त्या रंगातून तो पुठ्ठा ओढायला द्या. रंगाला खाचा पडतात, उंचवटे येतात. वाळल्यावर मुलं त्यावरून बोटं फिरवत बसतात. फिरवू द्यावीत.

फळ्यावर पायऱ्या दाखवणं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. ब्रश किती ओला करायचा, रंग पातळ कसा करायचा, कात्री कशी धरायची, हे पायरीपायरीनेच शिकवावं लागतं. हत्यार पायऱ्यांनी शिकवा, चित्र नको.

आता मुख्याध्यापकांचं. ते म्हणतील, ही व्हॅन गॉगसारखी दिसत नाहीत. म्हणून भिंतीच्या मधोमध मूळ चित्राची प्रत लावा, तिच्याखाली ‘आम्ही याच्याकडून फिरणारी रेषा घेतली’ असं लिहा आणि प्रत्येक चित्राखाली त्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य लावा. पालक ती वाक्यं वाचत उभे राहतात. एकसारख्या चाळीस चित्रांसमोर कुणी तसं थांबत नाही. आपल्या मुलाचं नाव शोधतात आणि पुढे जातात.

प्रश्न : माझा नातू सात वर्षांचा आहे. शाळेत व्हॅन गॉग शिकवला. घरी आल्यापासून तो फक्त कापलेल्या कानाबद्दल बोलतोय. लहान मुलांना असलं सांगावं का? – एक आजी

उत्तर : आजी, मुलं विचारतातच, आणि खोटं सांगू नये. डिसेंबर १८८८मध्ये तसं घडलं होतं. सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: तो आजारी होता, त्या आजारात त्याने स्वतःला इजा करून घेतली, मग त्याने उपचार घेतले आणि बरं वाटेल तेव्हा तो रंगवत राहिला. शांतपणे सांगितलं की मूल ते ऐकतं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतं. आपणच डोळे मोठे करून सांगितलं, तर तेवढंच त्याच्या डोक्यात राहतं.

शाळेने मुळात सुरुवातच कानापासून केली असेल, तर ते मला आवडलेलं नाही. चित्रकाराच्या दुःखाची गोष्ट इतकी मोठी करू नये की चित्र पाहायचं राहून जाईल. मुलांना कामाच्या गोष्टी सांगाव्यात, त्यांना त्याच जास्त आवडतात. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढे हातात जेमतेम दहा वर्षं होती आणि तेवढ्यात त्याने शेकडो चित्रं केली. धाकट्या भावाला, थिओला, तो सतत पत्रं लिहायचा आणि पुष्कळदा पत्रातच चित्र काढून दाखवायचा. नातवाला सांगा, तूही मला एक पत्र लिही आणि आज काय पाहिलंस ते त्यातच काढून दाखव. मग चार दिवसांनी पाहा, कान मागे पडला असेल.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. वर्गात मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिचं चित्र पाहून काढायला सांगितलं. घरी बसून तिने एकामागून एक कागद फाडले, ‘तसं येत नाही’ म्हणून रडली. हीच मुलगी पूर्वी ढिगाने चित्रं काढायची. आता एक तर नक्कल करते, नाही तर काढतच नाही. नक्कल करू नकोस असं सांगावं का? – एक वडील

उत्तर : नको, तसं सांगू नका. तिच्या हातातला एकमेव धागाही सुटेल.

नऊच्या आसपास हे घडतंच. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवनफेल्ड या शिक्षकाने १९४७मध्ये या टप्प्यांची सविस्तर मांडणी केली. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचं घर, झाड, माणूस ठरलेलं असतं आणि ती बिनधास्त काढत असतात. त्यानंतर त्यांना ‘खऱ्यासारखं’ हवं होतं. तुमच्या मुलीची नजर तिच्या हाताच्या पुढे गेली आहे. तिचं कौशल्य कमी झालेलं नाही, तिला आता जास्त दिसायला लागलंय. हे तिला याच शब्दांत सांगा. मुलांना ते पटतं, कारण ते खरं असतं.

नक्कल वाईट नाही. व्हॅन गॉगनेच सेंट-रेमीत असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. त्याच्यासमोर मिलेच्या रंगीत चित्रांऐवजी काळ्या-पांढऱ्या छापील प्रती असायच्या, म्हणजे रंग सगळे त्याला स्वतः योजावे लागले. भावाला त्याने लिहिलं, की बीथोवनची रचना वाजवणारा वादक त्यात स्वतःचं काही घालतोच, तसंच हे. आणि पिकासोने १९५७मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, वेलाझ्केझ या जुन्या स्पॅनिश चित्रकाराच्या १६५६मधल्या ‘लास मेनिनास’ या एका चित्रावर ५८ चित्रांची मालिका केली. कधी त्यातली छोटी राजकन्या एकटीच, कधी सगळा दरबार करड्या रंगात. दोघांनीही घेतलं आणि बदललं.

तेव्हा मुलीला एक नियम द्या: हवं ते बघून काढ, पण एक गोष्ट तुझी असली पाहिजे. रंग बदल, मागचं दृश्य बदल, नाही तर त्यातलं झाडाचं एकच पान घेऊन कागदभर मोठं कर. एक गोष्ट बदलली की ‘तसं’ येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तसं आता कुठे नसतंच.

फ्रीडासाठी मात्र मी वेगळं सांगेन. १९२५मध्ये, अठरा वर्षांची असताना, बसच्या अपघातात ती भयंकर जखमी झाली. अंथरुणात पडून रंगवता यावं म्हणून घरच्यांनी तिच्यासाठी चित्र टेकवायचा खास घोडा (ईझल) बनवून घेतला आणि पलंगावर आरसा लावला. तिच्या एकूण चित्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्वतःचीच आहेत. आरशातून ती स्वतःकडे रोखून पाहायची आणि भोवती आपली माणसं, माकडं, पोपट, पानं रंगवायची. मग तुमच्या मुलीने फ्रीडाचा चेहरा का काढायचा? तिच्यासमोर आरसा ठेवा. खोडरबर आणि पेन्सिल बाजूला ठेवून गडद खडू द्या. स्वतःची भुवई कुठे सुरू होते, कुठे संपते, तिथून सुरुवात करू द्या. भोवती तिला जे जवळचं वाटतं ते येऊ द्या.

तुम्ही तिच्या शेजारी बसलात तर ‘छान’ म्हणू नका. या वयाच्या मुलांना ‘छान’ खोटं वाटतं. जे दिसतं ते बोला: ‘डावा डोळा तू जास्त वेळ पाहिलेला दिसतोय.’

आणि फाडायला देऊ नका. मागे तारीख घालून ठेवून द्या. पाउल क्ले या चित्रकाराने १९११मध्ये आपल्या कामाची यादी करायला घेतली तेव्हा त्याने लहानपणी काढलेली चित्रंही त्यात नोंदवली होती.

प्रश्न : आमच्या वर्गात निम्म्या मुलांकडे रंगपेटीच नसते. मोठ्या चित्रकारांचे प्रकल्प आमच्यासारख्यांनी कसे करायचे? – एक शिक्षक

उत्तर : मातीस या फ्रेंच चित्रकारापासून सुरुवात करा. १९४१मध्ये त्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो बराचसा वेळ चाकाच्या खुर्चीत नाही तर पलंगावर असायचा. तिथे बसून त्याने कागद कापायला घेतले. मदतनीस पांढऱ्या कागदांना रंग देऊन ठेवायचे आणि तो आधी काहीही न आखता थेट कात्री चालवायचा. या ‘आधी न आखता’मध्येच खरी गंमत आहे. शाळेत आपण पेन्सिलीने बाह्यरेषा काढून देतो आणि तिच्यावरून कापायला सांगतो, म्हणजे मातीसचं होतं ते सगळं काढून घेतो.

तुम्ही जुनी वर्तमानपत्रं घ्या, रंगीत जाहिरातींची पानं घ्या. रंगाचे दोनच डबे मिळाले तर वर्गाने मिळून मोठे कागद रंगवा आणि वाळवा. मग कात्री, आणि पहिलीच्या मुलांना नुसते हात. फाडलेल्या कडेची पांढरी रेष फार सुंदर दिसते. उरलेले तुकडे टाकू नका. एखादा आकार कापला की त्याच्याभोवतीचा कागदही आकारच असतो, मुलांना तो उचलून दाखवा.

मातीसचं ‘द स्नेल’ हे १९५३चं चित्र म्हणजे रंगीत कागदांचे ओबडधोबड तुकडे, गोगलगाईच्या शंखासारखे वळत गेलेले. त्याची प्रत्येक बाजू जवळपास २.८७ मीटर आहे. वर्गाच्या जमिनीवर तेवढा चौकोन आखा. प्रत्येकाने एक तुकडा आणायचा आणि कुठे ठेवायचा ते शेजाऱ्याशी बोलून ठरवायचं. लगेच चिकटवायचं नाही, सरकवत राहायचं. या सरकवण्यात जे भांडण होतं, तेवढं रंगांबद्दलचं बोलणं दुसऱ्या कुठल्याच तासाला होत नाही.

ज्या दिवशी कागदही नसेल त्या दिवशी अँडी गोल्ड्सवर्दी. हा शिल्पकार पानं, दगड, काटक्या, बर्फ वापरून जागेवरच काम करतो, त्याचा फोटो घेतो आणि काम तिथेच सोडून देतो. पडलेली पानं गोळा करायची, हिरव्यापासून तपकिरीपर्यंत रंग न तुटता ओळीत लावायची. एका मुठीत किती हिरवे सापडतात हे कळलं की मुलं रंगपेटीतल्या एकाच हिरव्यावर पुन्हा समाधान मानत नाहीत.

प्रश्न : कँडिन्स्की या रशियन चित्रकाराची वर्तुळं प्रत्येक शाळेत होतात. त्यात मुलं नेमकं काय शिकतात? – एक आई

उत्तर : चौकोनात एकात एक वर्तुळं रंगवली आणि झालं, एवढंच केलं तर फारसं काही नाही. कँडिन्स्कीचं ते १९१३चं काम हा रंगांचा अभ्यास होता. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी कसा दिसतो, हे तो स्वतःसाठी तपासत होता. मुलांनीही तपासावं. फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा द्या, बाकीचे त्यांनी बनवावेत. मग एकच केशरी एकदा निळ्याच्या आत आणि एकदा लालच्या आत लावायला सांगा आणि विचारा, कुठला जास्त जळतोय? दोन्ही एकाच वाटीतले आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा वाटीत डोकावून बघतात.

प्रश्न : माझा मुलगा चित्र काढतो आणि मग सगळं गिरगटून टाकतो. – एक आई

उत्तर : रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडत जायचे आणि त्यातून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी निघायचे. त्यांची चित्रकला तिथून सुरू झाली, आणि १९३०मध्ये पॅरिसमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ते जवळजवळ एकोणसत्तर वर्षांचे होते. मुलाला दुसऱ्या रंगाचा खडू द्या आणि त्या गिरगट्यात कोण लपलंय ते शोधायला सांगा.

प्रश्न : चित्रकारांची यादी दर वर्षी तीच असते. व्हॅन गॉग, पिकासो, मोने, मोंद्रियान. दुसरे कोण घ्यावेत? – एक शिक्षिका

उत्तर : यादीत नावं वाढवताना एक गोष्ट बघावी: या चित्रकाराकडे मुलांना करता येईल असा एखादा प्रश्न आहे का? माझ्या आवडीचे काही सांगते.

यायोई कुसामा, जपानी चित्रकार. ऑस्ट्रेलियातल्या एका कलादालनासाठी तिने २००२मध्ये मुलांकरता एक खोली तयार केली. भिंती, खुर्च्या, टेबल, दिवा, सगळं पांढरं शुभ्र. येणाऱ्या मुलांना रंगीत गोल टिकल्या द्यायच्या आणि हव्या तिथे चिकटवायला सांगायचं. बघता बघता खोली ठिपक्यांत हरवून जाते. वर्गात हेच एका मोठ्या खोक्यात करता येतं. आतून पांढरा रंग द्या, आत कागदाचं सामान ठेवा आणि महिनाभर रोज प्रत्येकाने एकच ठिपका लावायचा. कुठे लावू याचा विचार मुलं आदल्या दिवसापासून करतात.

सय्यद हैदर रझा, आपले भारतीय चित्रकार. लहानपणी शाळेत त्यांचं लक्ष लागत नसे, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितलं. कित्येक वर्षांनी तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. ही गोष्ट दुसरीच्या मुलांना सांगून पाहा. मग कागदाच्या मध्यभागी एक काळा ठिपका आणि प्रश्न: यातून काय बाहेर पडेल?

जामिनी रॉय, बंगालचे चित्रकार. युरोपीय पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं, त्यात नाव कमावलं, आणि मग ते सोडून लोकचित्रांच्या ठसठशीत रेषेकडे वळले. मोजकेच रंग वापरायचे, तेही बरेचसे माती आणि वनस्पतींपासून केलेले. मुलांना सांगावं, चारच रंग निवड, पाचवा मिळणार नाही.

होकुसाई, जुना जपानी चित्रकार. त्याची मोठी लाट, साधारण १८३१ची, सगळ्यांना माहीत असते. पण ती कागदावरची ठशाची छपाई आहे, वहीच्या दोन पानांएवढी, हे सांगितलं की मुलं चकित होतात. मी नेहमी विचारायची, यात माणसं किती ठिकाणी आहेत? लाट सगळ्यांना दिसते. तीन नावा आणि त्यांत वाकून बसलेली माणसं शोधायला वेळ लागतो, आणि मागचा छोटासा डोंगर म्हणजे फुजी आहे हे तर त्याहून उशिरा कळतं. मग काम असं: तू त्या नावेत बसला आहेस, तिथून लाट कशी दिसते ते काढ. मूळ चित्राची नक्कल करताच येत नाही, कारण ते दृश्य होकुसाईने काढलेलंच नाही. एका मुलाने कागद वरपासून खालपर्यंत नुसता निळा रंगवला आणि अगदी तळाशी दहा बोटं काढली, नावेची कड घट्ट धरलेली.

प्रश्न : मी चौथीत आहे. पिकासो नाक कुठेपण काढतो तर सगळे म्हणतात भारी. मी काढलं तर बाबा म्हणतात नीट काढ. असं का?

उत्तर : तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे. पिकासोला नीट काढता यायचं. पंधरा वर्षांचा असताना त्याने आजारी बाईची नाडी बघणारा डॉक्टर रंगवला होता, अगदी खराखुरा. पण नाक हलवायला आधी तसं काढता आलंच पाहिजे, असं मी तुला सांगणार नाही. तू आजही हलवू शकतोस. फक्त ते तिथे का आलं हे तुला माहीत पाहिजे.

करून बघ. मित्राला खुर्चीवर बसव. समोरून बघ आणि फक्त त्याचे डोळे काढ. आता उठून त्याच्या बाजूला जा आणि तिथून दिसतं तसं नाक काढ, त्याच कागदावर. पुन्हा समोर येऊन ओठ. मग मागे जाऊन कान आणि केस. मित्राला हलायचं नाही, हलायचं तू. काढून झालं की एकाच चेहऱ्यात तू चारही बाजूंनी पाहिलेला मित्र येईल. पिकासो आणि त्याचा मित्र ब्राक यांनी वस्तू अशाच निरनिराळ्या बाजूंनी एकाच चित्रात आणल्या.

मग तो कागद बाबांना दे आणि त्यांना ओळखायला सांग, कोणता भाग काढताना तू कुठे उभा होतास. त्यांना नाही ओळखता आलं तर त्यांनाच खुर्चीवर बसव आणि पुन्हा काढ. चित्र मला पाठव, मागे मित्राचं नाव लिहून. बाबांचंही पाठव.